सूळ मागवला, फास आला

प्रकरण तसं छोटं आहे, पण एकदाच सगळं लिहून ठेवतोय, कारण आमच्या नाटकाच्या ग्रुपात त्यावरून अजून भांडणं होतात आणि जो तो आपल्याला सोयीचा तेवढाच भाग सांगतो. मी त्यात लाईट्स बघतो, म्हणजे स्टेजवर नसतो, त्यामुळे मला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं.

तर झालं असं. आम्ही नाशिकचे हौशी लोक, कुणी नोकरीवाले, कुणी कॉलेजातले, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये संध्याकाळी सात ते दहा तालीम. एकांकिका घेतली होती मांडव्य ऋषींवर. गोष्ट महाभारतातली, आदिपर्वातली. मांडव्य आश्रमाच्या दारात हात वर करून उभे, मौनव्रत. चोर येतात, चोरीचा माल आश्रमात लपवतात आणि स्वतःही तिथेच दडून बसतात. मागून राजाचे शिपाई येतात, विचारतात चोर कुठे गेले, हे बोलत नाहीत. झडती होते, माल सापडतो, चोरही सापडतात, आणि राजा चोरांबरोबर ऋषींनाही शिक्षा फर्मावतो. सुळावर चढवा.

इथे आमचं घोडं अडलं.

दिग्दर्शकाने ग्रुपवर मेसेज टाकला, "सूळ लागेल, साधारण नऊ फूट, प्रेक्षकांना शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे." नेपथ्याचं काम एका इंजिनिअरिंगच्या पोराकडे, हुशार आहे, कामाला वाघ आहे, पण त्याने "सूळ" हा शब्द आयुष्यात फक्त "सुळावरची पोळी" एवढ्यातच ऐकलेला आणि तिथेही त्याला वाटायचं की ही पोळी तव्यावरची. त्याने मोबाईलवर शोधलं, समोर हिंदी आलं, सूली म्हणजे फाँसी, फाँसी का तख्ता. झालं. द्वारका सर्कलकडच्या सुतारकाकांकडून दोन उभे खांब, वर आडवी तुळई, खाली उघडणारी फळी, रविवार कारंज्याच्या बाजूने आणलेला जाड सुती दोर, त्याला नीट गाठ मारून फास. टेम्पोतून उतरवला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, खरं सांगतो. दिसतच होता तसा भारी. मी तर लगेच मागून निळा स्पॉट मारून दोराची सावली कशी पडते ते बघत बसलो.

प्रयोगाला आठ दिवस होते. त्या संध्याकाळी सर आले. सर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले संस्कृतचे शिक्षक, आमचे उच्चार तपासायला आठवड्यातून एकदा यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र बिनसाखरेचा लागायचा. दारातच थांबले. चष्मा वर केला.

"हे काय आहे रे?"

"सूळ, सर."

"मग ह्याला टोक कुठंय?"

कुणाला काही कळेना. नेपथ्यवाला म्हणाला सर टोक कशाला, दोर आहे ना. सर खुर्चीवर बसले, दोराच्या फासात हात घालून तो जरा खालीवर केला आणि म्हणाले, "बाळा, हा फास आहे. सूळ म्हणजे टोक. टोक नसेल तर त्याला सूळ म्हणताच येत नाही, सुरीला धार नसेल तर निदान सुरी तरी म्हणतात, इथे तीही सोय नाही."

मग त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो. मूळ संस्कृत शब्द शूल. शूल म्हणजे अणकुचीदार दांडा, भाला, खिळा, जे काही टोचतं ते. शंकराच्या हातात तीन टोकांचं म्हणून त्रिशूल, त्याचं नावच शूलपाणि, त्र्यंबकेश्वराला आपण दर श्रावणात जातो पण हे डोक्यात येत नाही. मांस भाजायची सळई तीही शूलच, आणि तिच्यावर भाजलेल्या मांसाला म्हणायचे शूल्य. कालिदासाच्या शाकुंतलात विदूषक कुरकुर करतो ना, राजाच्या शिकारीपायी खायची वेळ धड नाही आणि ताटात बहुतेक शूल्यमांसच, तेच हे. (आमच्यातला एक भद्रकालीत राहणारा लगेच म्हणाला, म्हणजे सीख कबाब! सर म्हणाले, हो, सीख म्हणजे शूलच समज.) पोटात टोचल्यासारखं दुखतं तो पोटशूळ, आणि सुश्रुतानेही कारण जवळपास हेच दिलंय, की शंकू खुपसल्यासारख्या तीव्र वेदना होतात म्हणून त्या दुखण्याला शूल म्हणायचं.

आता शूलचा सूळ कसा झाला, तर प्राकृतात श चा स झाला, आणि दोन स्वरांमध्ये एकटा पडलेला ल मराठीत येताना ळ झाला. फल चं फळ, काल चा काळ, कमल चं कमळ, तसंच सूल चा सूळ. पोटशूळ, त्रिशूळ यांत श टिकला कारण ते शब्द पंडितांच्या, वैद्यांच्या तोंडात राहिले. बाजारात, चावडीवर फिरला तो सूळ. हिंदीला ळ नाहीच, तिथे सूली.

आणि माणसाला मारायचं साधन म्हणून सूळ म्हणजे जमिनीत रोवलेला टोकदार खांब ज्यावर माणसाला चढवायचे, म्हणून तर "सुळावर चढवणे". आमचा मांडव्य झालेला नट इथे पांढरा पडला. तो बिचारा एका पतसंस्थेत कॅशियर आहे, त्याने हळूच विचारलं, "म्हणजे सर, नक्की कुठून?" सर म्हणाले, "तू संवाद पाठ कर."

दिग्दर्शकाचा मुद्दा मात्र अगदीच टाकाऊ नव्हता, हे मला मान्य आहे. तो म्हणाला, सर बरोबर आहे तुमचं, पण आज प्रेक्षकाला मृत्युदंड म्हटलं की फास दिसतो, त्याला टोकदार खांब दाखवला तर तो म्हणेल हा झेंड्याचा खांब आहे का, शिवाय चार हजार दोनशे रुपये गेलेत, आठ दिवस उरलेत, संहितेत "सुळावर" च्या जागी "फासावर" करून टाकू, अक्षरं पण जवळपास तेवढीच. नट तर उड्याच मारायला लागला, त्याला फास शंभर टक्के चालणार होता.

सर चिडले नाहीत. म्हणाले, करा. फक्त शेवटचा प्रवेश एकदा वाचून दाखवा.

शेवटचा प्रवेश म्हणजे गोष्टीचा सगळा जीव तिथे आहे. मांडव्य सुळावर मरत नाहीत, तप करत राहतात. राजाला चूक कळते, धावत येतो, पाया पडतो, त्यांना खाली उतरवतो, सूळ अंगातून ओढून काढायला जातो पण तो निघत नाही, मग बुडाशी कापतात आणि टोक आतच राहतं. टोकाला म्हणतात अणी. म्हणून पुढे त्यांचं नाव अणीमांडव्य. ते टोक अंगात घेऊनच ते धर्मराजाकडे, म्हणजे यमधर्माकडे, जातात आणि विचारतात, मी असं काय केलं होतं की मला हे भोगावं लागलं? धर्म सांगतो, लहानपणी तू गवताची काडी घेऊन उडणाऱ्या किड्यांच्या शेपटीत खुपसत होतास, त्याचं हे फळ.

आमच्या धर्मराजाने (कॉलेजातला पोरगा, आवाज खणखणीत) ते वाक्य नव्या बदलासकट म्हटलं, "तू किड्यांना काडी टोचलीस, म्हणून तुला फास!" आणि हॉलमध्ये सगळे फिस्सकन हसले. स्वतः दिग्दर्शकही. प्रॉम्प्टिंग करणारी ताई तर म्हणाली की अहो मग त्याने लहानपणी किड्यांना दोरी बांधली होती असं करा ना! तिथेच विषय संपायला हवा होता. काडी आणि सूळ, एकच वस्तू लहान मोठी, हे आम्हाला वीस दिवस तालीम करून दिसलं नव्हतं, दोर समोर टांगल्यावर दिसलं. आणि नावात अणी आहे ती कुठून आणणार? फासात टोक राहतं का कुठे अंगात?

(त्यापुढे मांडव्य धर्माला शाप देतात की अजाण पोराच्या खोडीला एवढी शिक्षा देतोस तर तू शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घेशील, तोच विदुर. आणि चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप लागणार नाही अशी मर्यादाही घालून देतात. आमच्यातल्या एकीला हा भाग भयंकर आवडतो, ती लहान मुलांच्या संस्थेत काम करते, पण तो आत्ताचा विषय नाही.)

पण विषय संपला नाही, कारण आमच्यात एक लॉ करणारा आहे आणि त्याला संपलेला विषय चालत नाही. तो म्हणाला सर, पण आपल्याच नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे "सुळावर चढले" असं भाषणांत ऐकलंय मी, गोल्फ क्लबच्या मैदानाला त्यांचं नाव आहे, आणि त्यांना तर दोरानेच फाशी झाली. मग सूळ म्हणजे फाशी हे मराठीतच झालं की, हिंदीचा काय दोष!

मला वाटलं सर आता अडकले. सर म्हणाले, बरोबर पकडलंस. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन नाटक बघायला आलेला, कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तिथे दोर होता, सूळ नव्हता. पण भाषण करणाऱ्याला फाशी हा शब्द कोर्टाच्या कागदासारखा कोरडा वाटतो, त्याला जुना, वजनाचा शब्द लागतो, म्हणून तो सूळ उचलतो. शब्द खोटा नाही पडत, त्याचा फक्त दागिना होतो. वस्तू गेली की असंच होतं, नाव रिकामं उरतं आणि लोक त्यात नवी वस्तू ठेवतात.

मग स्वतःच थोडं विषयांतर करून म्हणाले की गंमत बघा, त्या रात्री विजयानंदमध्ये चालू होतं देवलांचं शारदा, आणि त्याच देवलांनी शूद्रकाचं मृच्छकटिक मराठीत आणलंय, ज्यात चारुदत्ताला खोट्या आरोपावरून सुळावर द्यायला नेतात. आणि मेलेला जॅक्सन स्वतः संस्कृतचा जाणकार, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे. एवढं बोलून चहा प्यायले. सरांचं हे असंच, कुठून कुठे जातील सांगता येत नाही, पण मला तो भाग आवडला म्हणून ठेवला.

फाशी शब्दाचं कूळ वेगळं. ते पाश वरून. यमाच्या हातात पाश, वरुणाच्या हातात पाश, म्हणजे दोरीचा वेढा. त्याचाच फास. गळफास त्यातला, फासे लावून पाखरं पकडणारे फासेपारधी त्यातले, आणि दक्षिणेकडे ठगांना फासीगार म्हणायचे तेही त्यातलेच, कारण ते प्रवाशाच्या गळ्यात रुमालाचा फास टाकायचे. म्हणजे फाशी हा शब्द गळ्याभोवती आवळण्याचा, सूळ हा खालून टोचण्याचा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त शेवट एक. जुन्या मराठीत सुळी देणे, कडेलोट करणे, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे अशा वेगवेगळ्या शिक्षा वेगवेगळ्या शब्दांनी सांगितलेल्या असतात. टकमक टोकावरच्या कडेलोटाला कुणी फाशी म्हणत नाही, मग सुळालाच का म्हणायचं? हा प्रश्न सरांचा नाही, माझा आहे, आणि लॉवाल्याने अजून त्याचं उत्तर दिलेलं नाही.

शरणपूरला राहणारी आमची एक नटी आहे, तिने एक वेगळीच बाजू काढली. म्हणाली, आमच्या मराठी पवित्र शास्त्रात येशूच्या क्रुसाला वधस्तंभ म्हणतात, क्रूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि हिंदी गाण्यांमध्ये तर थेट सूली येतं. मग ते काय, तिथे तर टोक पण नाही आणि दोर पण नाही! सर खूष झाले. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द स्तावरोस, त्याचा जुना अर्थ नुसता उभा रोवलेला खांब. म्हणजे खांब तोच, त्यावर माणसाला काय करायचे ते देशोदेशी बदलत गेलं. इंग्रजीत फाशीच्या सांगाड्याला गॅलोज म्हणतात, त्याचं मूळ गल्गा, तेही आधी नुसतं खांब किंवा दांडा अशाच अर्थाचं, आणि चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात ख्रिस्ताच्या क्रुसालाच गल्गा म्हटलंय. पुढे त्याच शब्दाला दोर लटकला. फारसीत फाशीला दार म्हणतात, उर्दू शायरीत सारखं येतं, त्याचं मूळ लाकूड. आपल्या देवदार मध्ये तेच लाकूड बसलंय. (आपलं घराचं दार वेगळं, ते द्वार वरून.) इंजिनिअरिंगवाला पोरगा म्हणाला म्हणजे सगळीकडे आधी लाकूडच होतं, दोर नंतर आला, म्हणजे मी फक्त दीड हजार वर्षं पुढचा सेट बांधला. त्याच्या या वाक्यावर त्याला सगळं माफ झालं.

एकाने सूळ हा सुळसुळीत वरून आला असणार असंही ठोकून दिलं होतं, कारण टोक गुळगुळीत असतं म्हणे. नाही. सुळसुळीत, सुळकन हे नुसते आवाजावरून झालेले शब्द, सळसळ सारखे. दिसायला सारखं म्हणून नातेवाईक होत नाही.

आता उरला सुतारकाकांचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी आणि नेपथ्यवाला असे दोघं गेलो त्यांच्याकडे. काका भुश्शात उभे, कानामागे पेन्सिल. आम्ही घाबरत घाबरत म्हटलं काका, जरा चुकलं, फाशी नको, सूळ हवा होता. काका म्हणाले, सूळ म्हणजे? आम्ही सरांचं सगळं व्याख्यान सुरू केलं, शूल, प्राकृत, ळ. काकांनी हात वर करून थांबवलं.

"सुळका असतो तसा का? अंजनेरीला नवरा-नवरी आहेत तसा?"

आम्ही गप्प. मग काकांनी आपल्याच दाताला बोट लावलं, कडेच्या टोकदार दाताला. "हा सुळा. तो सुळका. म्हणजे तुम्हाला वर निमुळतं पाहिजे. मग आधी दोर कशाला लावायला लावलात?"

म्हणजे बघा, शब्दकोशात जे शोधायला आम्ही निघालो होतो ते काकांच्या तोंडात होतं, अक्षरशः. सुळा, सुळका, ही सगळी सुळाचीच पोरंबाळं, आपण रोज बोलतो, ट्रेकला जातो तेव्हा ओरडतो "तो बघ सुळका", दातांच्या डॉक्टरकडे सुळा काढायला जातो, आणि सूळ विचारला की मोबाईल उघडतो. माझ्या मते चूक पोराची नव्हतीच, चूक दिग्दर्शकाची. त्याने मेसेजमध्ये फक्त उंची लिहिली आणि आकार लिहिला नाही. तो म्हणतो सूळ म्हटल्यावर आकार त्यातच आला. इथे आमचं अजून भांडण आहे.

काकांनी सांगाड्याचा एक उभा खांब सोडवला, वरचा दीड फूट चारी बाजूंनी तासून निमुळता केला, मग रंधा, मग पॉलिश पेपर. वरचं टोक त्यांनी वेगळं कापून घेतलं आणि आतून एक दांडी घालून परत बसवलं, म्हणजे प्रयोगात "कापल्यावर" ते निघून हातात येईल. ही त्यांची आयडिया, आम्ही सांगितली नव्हती. तासताना ते एकदाच म्हणाले, "एवढं टोकदार करू का? पोरं असतात विंगेत." मग टोकाला जरासं बोथट ठेवलं, लांबून कळत नाही.

स्टेजवर नट खांबापुढे एका लेव्हलवर उभा, खांब मागे, आणि पांढऱ्या पडद्यावर मी खालून लाईट मारला की सावलीत तो बरोब्बर सुळावर दिसायचा. नटाला काहीच करावं लागलं नाही, नुसतं हात वर करून उभं राहायचं, आणि तेच तर मांडव्य करत होते. शेवटच्या प्रवेशात धर्मराज एक खरी गवताची काडी उचलून दाखवतो आणि मांडव्य हातातलं लाकडी टोक पुढे करतात. दोन्ही एकाच स्पॉटमध्ये. तिथे प्रयोगात शांतता पसरली, खोकलासुद्धा नाही. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी उच्चारांचं कौतुक केलं आणि नेपथ्य "थोडं रिकामं" वाटलं म्हणाले.

प्रयोगानंतर एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आत आल्या, त्याला ते टोक हातात धरून बघायचं होतं. त्याने बोटाने टोचून बघितलं, म्हणाला, "हे लागत नाही." सर शेजारीच उभे होते. म्हणाले, "काडी पण नाही लागत. आपल्याला."

हिशोब मात्र अजून मिटलेला नाही. आमची खजिनदार ताई बँकेत आहे, तिला प्रत्येक पावती लागते. तिच्या वहीत ओळीने असं लिहिलंय: फाशी, ४२०० रु. सूळ, ३५० रु. आणि खाली पेन्सिलने, "फाशी परत करता येईल का ते काकांना विचारणे."